कॉन्फिग फाइलमधला एक आकडा

खिडकीपाशी (धागाकर्ती)

बरेच दिवस इथे फक्त वाचते आहे. आज पहिल्यांदाच धागा काढते, कारण हे ऑफिसात कोणाशी नीट बोलता आलेलं नाही.

मी हजेरीच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहिते. कामगार आत येताना यंत्रावर बोट ठेवतो, ठसा जुळला की हजेरी लागते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ठसा एकतर जुळतो किंवा जुळत नाही. प्रत्यक्षात यंत्र आधी नोंदवलेल्या ठशाशी आत्ताचा ठसा ताडून बघतं आणि गुण देतं, आमच्याकडे ० ते १००. किती गुण पडले की "हाच तो माणूस" म्हणायचं, हे कोणीतरी ठरवून ठेवावं लागतं. आकडा वर नेला की दुसऱ्याच्या नावावर हजेरी लावणं अवघड होतं, पण खऱ्या माणसाला परत पाठवण्याचं प्रमाण वाढतं. खाली आणला की उलट. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणता येत नाहीत.

आमच्या प्रकल्पात तो आकडा मी ठरवला. कोणी सांगितलं नव्हतं, मीही कोणाला विचारलं नाही. कॉन्फिग फाइलमधली, म्हणजे सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जच्या फाइलमधली, ती ओळ रिकामी होती, मी ७० लिहिलं. ऑफिसातल्या वीसेक जणांवर चाचणी घेतली, सगळ्यांची हजेरी पहिल्याच प्रयत्नात लागली. आमची बोटं दिवसभर कळफलकावर असतात, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. यंत्रं जिथे बसली तिथली माणसं सिमेंट, विटा, रसायनं हाताळतात. अशा कामात बोटांवरच्या रेषा झिजतात, आणि वय वाढलं की ठसे आणखी पुसट होतात.

आणखी एक. पहिल्या आवृत्तीत मी सुपरवायझरसाठी एक स्क्रीन केली होती. अंगठा लागला नाही तर कारण लिहून हाताने हजेरी मांडायची. क्लायंट म्हणाला, बनवाबनवी इथूनच सुरू होते, काढून टाका. मी अर्ध्या तासात काढली.

मग एक तक्रार आली, नेहमीसारखीच, "यंत्र हळू चालतंय" अशी. मी लॉग, म्हणजे यंत्राने आपोआप ठेवलेल्या नोंदी, उघडले. एका कामगार क्रमांकावर एकाच सकाळी अकरा प्रयत्न होते, ७ वाजून ५२ मिनिटांपासून ८ वाजून २० मिनिटांपर्यंत. गुण ६१, ६४, ५८, ६६, असेच. त्यानंतर त्या क्रमांकावर दिवसभर काही नाही. त्या दिवशी त्याचा खाडा लागला होता. माणूस अठ्ठावीस मिनिटं यंत्रासमोर उभा होता आणि आमच्या सिस्टिमने तो आलाच नाही असं लिहिलं.

आता आकडा खाली आणला आहे, प्रत्येकाच्या तीन बोटांची नोंद घेतली आहे, हाताने हजेरी मांडायची स्क्रीन परत आली आहे. पण यात दोन महिने गेले, आणि तोवरचे कापलेले दिवस तसेच राहिले. कोणी किती वेळा बोट ठेवलं हे सगळं लॉगमध्ये आहे. लॉग क्लायंटच्या मालकीचे आहेत आणि मी गोपनीयतेच्या करारावर सही केली आहे.

मी काय करावं? आणि हेही विचारायचं आहे, की ७० लिहिताना हा निर्णय आहे, यात कोणाचं तरी काही जाणार आहे, हे मला जाणवलं का नाही?

---

रात्रपाळी

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर आधी लिहितो. मी दवाखान्यातल्या उपकरणांचं सॉफ्टवेअर तपासतो. आमच्या कामात नवीन आलेल्या प्रत्येकाला एक प्रकरण वाचायला देतात, थेरॅक-२५ चं.

कर्करोगावर किरणोपचार करणारं हे यंत्र होतं, कॅनडातल्या एईसीएल या कंपनीचं. १९८५ ते १९८७ या काळात त्याने किमान सहा रुग्णांना ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरणं दिली. काही जण त्यातच गेले. या यंत्राच्या आधीच्या मॉडेलमध्ये, थेरॅक-२० मध्ये, सुरक्षेसाठी वेगळी यांत्रिक आणि विद्युत कुलपं होती. सॉफ्टवेअर चुकलं तरी ती किरण अडवायची. नव्या मॉडेलमध्ये ती बरीचशी काढली आणि ते काम सॉफ्टवेअरवर सोपवलं. पुढे लक्षात आलं की तशीच चूक थेरॅक-२० च्या सॉफ्टवेअरमध्येही होती. कुलपं तिला अडवत होती, म्हणून इतकी वर्षं ती कोणाला दिसलीच नाही.

तुम्ही काढलेली स्क्रीन म्हणजे तसं कुलूप होतं. ती असती तर ७० हा आकडा चुकीचा असूनही त्या माणसाचा खाडा लागला नसता.

त्याच प्रकरणातली दुसरी गोष्ट मला अजून छळते. चूक झाली की पडद्यावर "मालफंक्शन ५४" असं यायचं. म्हणजे काय, हे चालवणाऱ्या तंत्रज्ञाला कळेल असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. असे संदेश दिवसभर येत राहायचे आणि एक कळ दाबली की उपचार पुढे चालू व्हायचा. रोज येणारा आणि अर्थ न सांगणारा संदेश आला की माणूस काय करणार? कळ दाबणार. तिथल्या तंत्रज्ञ बाईनेही दाबली. "मालफंक्शन ५४" लिहिणाऱ्या प्रोग्रामरलाही त्या दिवशी आपण काही ठरवतो आहोत असं वाटलं नसेल.

तुमचं यंत्र नाकारताना काय दाखवत होतं?

---

खिडकीपाशी

"अवैध." लाल अक्षरात. एवढंच.

---

काठावरून

माझं मत वेगळं आहे आणि ते मोकळेपणाने मांडतो.

आकडा तुम्ही लिहिलात, पण यंत्र घ्यायचं की नाही, अंगठा न लागणाऱ्याचं काय करायचं, पगार कापायचा की नाही, हे सगळं क्लायंटने ठरवलं. सत्ता त्यांच्याकडे होती. सगळा भार तुम्ही स्वतःवर घेताय हे मला पटत नाही.

शिवाय उलट बाजूने बघा. प्रत्येक प्रोग्रामर आपापल्या नीतीप्रमाणे आकडे ठरवू लागला तर? आज तुम्ही कामगाराच्या बाजूने विचार केलात. उद्या दुसरा कोणी, त्याला जे योग्य वाटतं ते, कोणालाही न विचारता एखाद्या सिस्टिममध्ये घालेल. आपल्याला कोणी निवडून दिलेलं नाही. आपण सांगितलेलं काम नीट करावं आणि धोरण ठरवणाऱ्यांना धोरण ठरवू द्यावं, यात पळपुटेपणा नाही असं मी मानतो.

---

अर्धविराम

फोक्सवॅगनच्या प्रकरणात हाच बचाव न्यायालयासमोर आला होता. गाडी रस्त्यावर आहे की प्रयोगशाळेतल्या चाचणीच्या रोलरवर, हे सॉफ्टवेअर ओळखायचं आणि फक्त चाचणीपुरतं प्रदूषण कमी करायचं. २०१५ मध्ये हे उघड झालं, जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये ते होतं. त्यात काम केलेल्या जेम्स लियांग या अभियंत्याला २०१७ मध्ये अमेरिकेत ४० महिन्यांची शिक्षा झाली. वरच्यांच्या सांगण्यावरून केलं, एवढ्याने तो सुटला नाही.

---

काठावरून

ती जाणूनबुजून केलेली फसवणूक होती. इथे कोणालाही फसवायचं नव्हतं. दोन्हींना एका तागडीत तोलू नका.

---

शून्यापासून

काठावरून यांचा हा मुद्दा बरोबर आहे, आणि म्हणूनच हे प्रकरण मला जास्त अवघड वाटतं. फसवणूक ओळखता येते. इथे सगळे प्रामाणिक होते.

मी सांख्यिकी शिकवते, त्यामुळे आकड्याबद्दल बोलते. ७० ऐवजी ६० लिहिलं असतं तर ते नैतिक झालं असतं का? फक्त आकड्याकडे बघून याचं उत्तर देता येणार नाही. दोन चुकांची किंमत कोण मोजतो ते बघावं लागेल. चुकून दुसऱ्याची हजेरी लागली तर कंपनीचा एक दिवसाचा पगार जातो. चुकून खऱ्याला नाकारलं तर कामगाराचा एक दिवसाचा पगार जातो. रक्कम तीच आहे, पण कंपनीला ती जाणवणारही नाही आणि कामगाराच्या घरात ती जाणवेल. क्लायंटने पहिली चूक मोजली, कारण ती त्याची होती. दुसरी मोजायला कोणी नव्हतं.

यातून सुटायला गणित मदत करेल अशी आशा अनेकांना असते. अमेरिकेत आरोपी पुन्हा गुन्हा करेल का याचा अंदाज देणाऱ्या कॉम्पास या प्रणालीवरून २०१६ मध्ये मोठा वाद झाला. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने दाखवलं, की ज्यांनी पुढे गुन्हा केला नाही अशांमध्ये कृष्णवर्णीयांना "जास्त धोका" असा शिक्का बसण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आहे. ती प्रणाली बनवणाऱ्या कंपनीने उत्तर दिलं की एकाच गुणांचा अर्थ दोन्ही गटांत सारखाच निघतो. दोघांचीही आकडेमोड खरी होती. दोन गटांत पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचं मुळातलं प्रमाण वेगळं असेल आणि अंदाज अचूक नसतील, तर न्यायाच्या या दोन्ही कसोट्या एकाच वेळी पूर्ण होऊ शकत नाहीत, हे नंतर संशोधकांनी सिद्धच केलं. म्हणजे कुठला न्याय सोडायचा हे माणसालाच ठरवावं लागतं. मग ते उघडपणे, कारण लिहून का ठरवू नये?

काठावरून, तुम्ही म्हणता धोरण ठरवणाऱ्यांना ठरवू द्या. मान्य. पण ७० या आकड्यात धोरण आहे हे त्यांना कोणी सांगितलं होतं?

आणि चाचणीबद्दल. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत सगळ्यात जास्त चूक ०.८ टक्के होती, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. सरासरीत हे दिसत नव्हतं. ऑफिसातल्या वीस जणांवर घेतलेली चाचणी ही त्याच जातीची चूक आहे.

---

जुनी_वही

मी प्रोग्रामर नाही. बावीस वर्षं एका खिडकीच्या मागे बसून लोकांचे अर्ज भरून घेतले. त्यामुळे वापरणाऱ्यांच्या बाजूने लिहिते.

"सिस्टिम घेत नाहीये" हे वाक्य मी किती वेळा उच्चारलं असेल याची गणती नाही. सुरुवातीला ते बोलताना अपराधी वाटायचं. नंतर ते बरं वाटू लागलं, कारण समोरचा माणूस माझ्यावर रागवायचा थांबायचा. यंत्रावर कोण रागावणार? एकदा एक आजोबा सगळी कागदपत्रं घेऊन तीन वेळा आले. त्यांची जन्मतारीख दोन ठिकाणी वेगळी होती आणि पडदा पुढे जाऊ देत नव्हता. कागद माझ्या हातात होता, चूक कुठे आहे ते मला स्पष्ट दिसत होतं, आणि तरी मी म्हटलं, सिस्टिम घेत नाहीये. चौथ्यांदा ते आले नाहीत. साहेबांकडे जाऊन पाच मिनिटं भांडले असते तर काम झालं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

म्हणून तुमच्या त्या सुपरवायझरबद्दल मला लिहावंसं वाटलं. माणूस त्याच्या डोळ्यांसमोर उभा होता ना?

ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसची हकिकत तुम्हा लोकांना माहीत असेलच. होरायझन ही फुजित्सूने केलेली हिशोबाची प्रणाली १९९९ पासून शाखांमध्ये बसली. तिच्यातल्या चुकांमुळे शाखाचालकांच्या हिशोबात नसलेली तूट दिसायची. नऊशेहून जास्त लोक चोरी, अफरातफर, खोटे हिशोब अशा आरोपांवर दोषी ठरले. काही तुरुंगात गेले. कित्येकांनी घर-दागिने विकून न घेतलेले पैसे भरले. तक्रार करणाऱ्या अनेकांना सांगितलं गेलं, की असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. तिथल्या कायद्यात संगणक बरोबर चालतो असंच धरून चालायचे, चूक दाखवायची जबाबदारी आरोपीवर. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणाली सदोष असल्याचा निकाल दिला, आणि २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

चुकांच्या नोंदी फुजित्सूकडे होत्या. ज्यांच्यावर खटले चालले त्यांच्यापर्यंत त्या पोहोचल्या नाहीत. तुमच्या लॉगबद्दल वाचताना मला हेच आठवलं.

---

नंदादीप

लॉगच्या बाबतीत मी सावध करू इच्छितो. कोण कधी आलं, कुठे उभं होतं, ठसा किती जुळला, ही माहिती जितकी जास्त दिवस राहील तितकी धोक्याची.

नेदरलँड्समध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच लोकसंख्येची अतिशय चोख नोंदवही होती. त्यात धर्माचाही रकाना होता. तो भरून घेणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. जर्मन सैन्य आल्यावर त्याच नोंदी ज्यू कुटुंबं शोधायला वापरल्या गेल्या. २७ मार्च १९४३ रोजी विलेम अरोंडिउस आणि त्याच्या साथीदारांनी ॲमस्टरडॅमचं नोंदणी कार्यालय पेटवलं, ते या नोंदी नष्ट करण्यासाठी. त्यांच्यातल्या बहुतेकांना गोळ्या घातल्या गेल्या. तेवढं करूनही कागदांचा थोडाच भाग जळाला.

म्हणून मी जिथे काम करतो तिथे एकच आग्रह धरतो, गरज नसलेला रकाना ठेवू नका आणि गरज संपली की पुसा. तुमच्या लॉगमध्ये ठसे आहेत का?

---

खिडकीपाशी

ठसे नाहीत. कामगार क्रमांक, वेळ, गुण, निकाल, एवढंच.

जुनी_वही, सुपरवायझरशी मी फोनवर बोलले. तो म्हणाला, "मॅडम, मी बघत होतो त्याला. पण माझ्याकडे बटणच नव्हतं." ते बटण मी काढलं होतं.

---

अर्धविराम

एक व्यावहारिक प्रश्न. नकार दिला आणि नोकरी गेली तर? डेव्हिड पार्नास यांनी १९८५ मध्ये अमेरिकेच्या "स्टार वॉर्स" क्षेपणास्त्र-संरक्षण योजनेच्या संगणक समितीचा राजीनामा दिला. खऱ्या परिस्थितीत कधीच तपासता न येणाऱ्या सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवता येणार नाही, हे त्यांनी सविस्तर लिहून मांडलं. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण ते तेव्हा नावाजलेले प्राध्यापक होते. कर्जाचे हप्ते भरणाऱ्या, दोन वर्षांचा अनुभव असलेल्या मुलीने काय करायचं?

---

काठावरून

खिडकीपाशी, स्क्रीन काढा म्हटल्यावर तुम्ही क्लायंटला काय उत्तर दिलंत?

---

खिडकीपाशी

"झालं, तपासून घ्या."

---

काठावरून

मग माझं म्हणणं थोडं बदलतो. निर्णय त्यांचाच होता यावर मी अजून ठाम आहे. पण ज्याला परिणाम माहीतच नाहीत त्याने घेतलेल्या निर्णयाला निर्णय म्हणता येत नाही. "ही स्क्रीन काढली तर ज्याचा अंगठा लागणार नाही त्याचा दिवस जाईल, आणि असे किती असतील हे आपण तपासलेलं नाही," एवढी दोन वाक्यं ईमेलमध्ये लिहिणं हे आपलंच काम होतं. अर्धविराम, तुमच्या प्रश्नालाही माझं हेच उत्तर आहे. राजीनाम्यापर्यंत न जाताही असं पुष्कळ काही करता येतं. असं लेखी गेलं की वरचा माणूस थबकतो, कारण आता ते त्याला माहीत असल्याचा पुरावा असतो. मी स्वतः अशी ईमेल दोनदा पाठवली आहे. एकदा उपयोग झाला, एकदा नाही.

---

रात्रपाळी

लॉगचं काय करायचं यावर. एसीएम या संगणक-व्यावसायिकांच्या संघटनेची आचारसंहिता २०१८ मध्ये नव्याने लिहिली गेली. तिला कायद्याची ताकद नाही, पण तिच्यातल्या दोन गोष्टी थेट तुमच्याबद्दल आहेत. हेतू नसताना हानी झाली असेल तरी ती भरून काढण्याची किंवा शक्य तितकी कमी करण्याची जबाबदारी संबंधितांवर राहते. आणि गोपनीयता पाळायची, पण कायदा, संस्थेचे नियम किंवा ही संहिता मोडल्याचा पुरावा त्या माहितीत असेल तर योग्य अधिकाऱ्यांपुढे ती ठेवता येते, इतरत्र नाही.

तुम्हाला तर करार मोडायचीही गरज दिसत नाही. लॉग क्लायंटचे आहेत ना? मग क्लायंटलाच द्या. यादी करा. ज्या दिवशी खाडा लागला आणि त्याच दिवशी नाकारलेले प्रयत्नही आहेत, असे सगळे दिवस काढा, तुमच्या मॅनेजरला आणि त्यांच्या पगार विभागाला एकाच ईमेलने पाठवा आणि पगार पुन्हा मोजण्याची विनंती करा. इथे किंवा बाहेर कुठे टाकू नका, त्यात माणसांच्या हालचाली आहेत.

---

शून्यापासून

यादीत एक काळजी घ्या. नाकारलेला प्रयत्न म्हणजे तोच माणूस होता याची खात्री नाही, दुसराही कोणी बोट ठेवून बघत असू शकतो. क्लायंट हाच मुद्दा काढणार. म्हणून प्रयत्न किती वेळा, किती मिनिटं, गुण कुठे घुटमळत होते, हे सगळं द्या. परक्या बोटाचे गुण साधारण फार खाली पडतात. साठीच्या आसपास अकरा वेळा येणारे गुण परक्याचे नसतात.

---

खिडकीपाशी

चार दिवसांनी लिहिते आहे.

शून्यापासून यांनी सांगितलं तसंच केलं. परक्या बोटांचे गुण आमच्या नोंदींमध्ये तिशीच्या वर क्वचितच जातात, तेही जोडलं. १७ माणसं, ४१ दिवस निघाले. एकट्या त्या अकरा प्रयत्नांवाल्याचे सहा. यादी बनवताना मॅनेजरशी बोलले. तो आधी गप्प बसला, मग म्हणाला, "पाठव, सीसीमध्ये मला ठेव." ईमेलमध्ये आकडा कोणी लिहिला आणि कशावर तपासला हेही मी लिहिलं. स्क्रीन काढतानाचं संभाषणही, माझ्या उत्तरासकट.

क्लायंटकडून पोच आली आहे. "विचार करून कळवतो."

---

नंदादीप

लॉग किती दिवस राहतात?

---

खिडकीपाशी

९० दिवस. रात्री दोन वाजता जुने आपोआप पुसले जातात. तो आकडाही मीच लिहिला होता, तुम्ही म्हणता त्याच कारणाने, आणि ते कारण मला अजून बरोबर वाटतं. पण यादीतला सगळ्यात जुना दिवस येत्या मंगळवारी ९० पूर्ण करतो. फक्त या १७ क्रमांकांच्या नोंदी, पगाराचा निर्णय होईपर्यंत, बाजूला ठेवायची परवानगी क्लायंटकडे लेखी मागितली आहे. उद्या सकाळी फोन करणार आहे.